गप्प घराची भीती

सकाळी दूध तापवत होते, तेवढ्यात शेजारचा दिलीप दारात आला. "वहिनी, आई गेली." शेवंतामावशी झोपेतच गेल्या. मी गॅस बंद करून धावले. त्यांच्या घरात रेडिओ, टीव्ही, काही ना काही मोठ्यानं चालूच असायचं. त्या सकाळी फक्त पंखा फिरत होता...

घणसोलीतल्या आमच्या सोसायटीची मी सेक्रेटरी. मावशींच्या आवाजाच्या तक्रारी माझ्याकडे यायच्या, सगळ्यात जास्त चेअरमनच्या. एकदा सांगायला गेले, "मावशी, जरा आवाज कमी करा की." तर मलाच म्हणाल्या, "तुज्या घरात काय मयत झालीया व्हय गं? एवढी गप ऱ्हातीस!" मग मेथी निवडता निवडता त्यांनी सांगितलं.

बहात्तरचा दुष्काळ. मावशी लहान. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायची, तान्हा भाऊ बाभळीखाली झोळीत, भुकेनं दिवसभर रडायचा. मोठे साहेब पाहणीला येणार म्हणून मुकादमानं बायांना अफू वाटली. पोरांना चाटवा, रडणं ऐकू आलं तर उद्यापासून काम नाही. "सायेब गाडीतनं उतरला आन् म्हनला, व्वा, किती शांततेत काम चाललंय. सांजंला आईनं झोळीत हात घातला... पोर थंडगार. मुकादम म्हनला, रडायचं त्ये घरला जाऊन रडा."

दिलीपला हे माहीत आहे का, मी विचारलं. त्यांनी नुसती मान हलवली, नाही. उठून रेडिओ आणखी मोठा केला.

दुष्काळ म्हटला की आपल्याला भेगाळलेली जमीन दिसते. मावशींच्या मात्र तो कानात होता. आधी रडणं, मग काहीच नाही. तक्रारीचा विषय मी पुन्हा काढला नाही.

तेराव्यानंतर सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. चेअरमन म्हणाले, "मावशी अतिशय शांत स्वभावाच्या होत्या." मग सगळ्यांना दोन मिनिटं स्तब्ध उभं केलं. मागे पाचव्या मजल्यावरच्या एका घरातल्या सुनेचं बाळ रडायला लागलं. चेअरमननी डोळे वटारले. तिनं घाबरून बाळाच्या तोंडावर हात ठेवला.

"काढ तो हात," मी म्हणाले. "रडू दे त्याला."

हॉलभर ऐकू गेलं. ती ओशाळून बाळाला घेऊन बाहेर गेली आणि उरलेला वेळ सगळे नीट गप्प उभे राहिले.

संध्याकाळी ग्रुपवर चेअरमनचा मेसेज आला, 'शोकसभा शांततेत पार पडली. सर्वांचे आभार.' खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. त्यात दिलीपचेही होते.