बिदाईचा दुसरा फोटो

माझ्या सख्ख्या बहिणीच्या लग्नात फोटोग्राफर मीच होतो, आणि सगळे फोटो धूसर आले.

आमचं घर जऊळक्याला, स्टुडिओ वाशीमकडच्या मालेगावात. (स्टुडिओ म्हणजे एक शटर, मागचा निळा पडदा आणि मी.) आमचे बाबा कधी रडत नाहीत. ढीग लावलेलं सोयाबीन भिजलं तेव्हाही नाही. पण प्रीतीच्या बिदाईला ते ढसाढसा रडले, आणि मी बरोबर तेव्हाच बटण दाबलं. नंतर पाहतो तर बाबा चुलीच्या धुरात उभे असल्यासारखे! चारच दिवसांत इंझोरीहून, तिच्या सासरहून फोन आला.

"दादा, बाकीचे जाऊ दे. बाबाचा तेवढा एक चांगला दे मले."

शहाण्या माणसानं आधी स्वतःची चूक शोधली असती. मी कॅमेऱ्याची शोधली. आपल्या मिररलेस कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा सेन्सरच लहान, कंपनी बदलल्याशिवाय फोटोत जान येणार नाही, असं ठरवून टाकलं. कंपनी बदलायची म्हणजे जुन्या लेन्सही विकायच्या, कारण त्या नव्या कॅमेऱ्याला बसत नाहीत. मांडलेला संसार मोडून दुसरा थाटायचा! महिनाभर मी कॅमेऱ्यांचे व्हिडिओ पाहत जेवलो. भेटेल त्याला सेन्सर समजावला. प्रीतीच्या सासऱ्यांनाही फोनवर समजावला, तर ते बिचारे "हो, लहानच आहे" म्हणत राहिले.

शेवटी वाशीमच्या एका मित्राकडून दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा दोन दिवसांसाठी आणला. बाबांना दारात खुर्चीवर बसवलं आणि दोन्ही कॅमेऱ्यांनी फोटो काढले. आधार कार्डवाला एका मिनिटात काढते, असं बडबडत बाबा शेतात निघून गेले. मी फोटो लॅपटॉपवर लावले. मित्राच्या कॅमेऱ्यात बाबांच्या दाढीचा खुंट न् खुंट मोजून घ्या. माझ्या कॅमेऱ्यात तोच धूर. माझा विजय झाला! जुन्याला गिऱ्हाईक तयारच होतं, संध्याकाळी न्यायला येणार होतं.

माझी बायको रेखा जुना कॅमेरा हातात घेऊन लेन्सकडे पाहत होती.

"हे पिवळं काय आहे काचेवर?"

"कोटिंग असते ते. तुले नाही समजत."

"आन कडेले कुंकू?"

दसऱ्याला जो तो आपल्या हत्याराची पूजा करतो. बाबांनी ट्रॅक्टरची केली, मी कॅमेऱ्याची. पट्ट्याले लावा, असं रेखा तेव्हाच म्हणाली होती. पण जिथे धार तिथेच टिळा, असं तिला सुनावून मी हळदीकुंकवाचं बोट थेट काचेवर टेकवलं होतं. बोटाला दिव्याचं तेलही होतं. दुसऱ्या दिवशी रुमालानं पुसलं, म्हणजे एका जागचं सगळीकडे नेलं. दसऱ्यानंतरची सारी लग्नं मी त्याच काचेतून काढली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. रेखानं चष्म्याच्या फडक्यानं काच पुसली आणि माझाच एक स्वच्छ फोटो काढून दाखवला. गिऱ्हाइकाला मी कळवलं की कॅमेऱ्यात जीव गुंतलाय. मित्राला म्हटलं, तुझ्या न् माझ्या कॅमेऱ्यात काही फारसा फरक नाही.

पुढच्या रविवारी प्रीतीला बोलावून शालू नेसवला, बाबांना फेटा बांधला आणि बिदाई पुन्हा मांडली. सगळं जमलं, रडणं काही जमेना. प्रीती तर खुदुखुदु हसत होती.

"बाबा, जरा रडा," मी म्हणालो.

"आता कायले रडू? पोरगी खुशीत आहे."

मग मी सगळं सांगून टाकलं. टिळा, तेल, रुमाल, सेन्सर.

"तुले फोटोच्या कोर्साले पाठवलं होतं म्या," बाबा म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

मी बटण दाबलं.

फोटो लख्ख आला आहे, अश्रूसुद्धा दिसतो. अल्बमच्या पहिल्याच पानावर लावलाय. प्रीतीच्या सासरचे तो पाहून म्हणतात, पोरीवर केवढा जीव आहे बापाचा. ते रडणं कोणासाठी होतं, हे मी अजून तिकडे कोणाला सांगितलेलं नाही.