टाकीवालीची मजुरी
१९३८च्या मार्चमध्ये नंदुरबारच्या बाजारपेठेत एका बाईने माझ्या सांगण्यावरून जात्याला टाकी लावली आणि मजुरी न घेता ती निघून गेली. गिरणीतून आलेल्या पिठाचा गरम, किंचित घासलेटी वास आला की तो दिवस आठवतो. तेलाच्या इंजिनावरची गिरणी आल्यावर कोणाकोणाचे काम गेले, हा माझ्या विद्यापीठातील प्रबंधाचा विषय होता. जात्याचे गुळगुळीत झालेले दगड छिन्नीने पुन्हा खरबरीत करणारी, म्हणजे टाकी लावणारी, ती बाई एका व्यापाऱ्याच्या दारात उभी होती. “आते गिरणी शे ना, माय. जातं लगीननी हळदपुरतंच,” घरची बाई तिला सांगत होती. मला काम पाहायचे होते. मी आग्रह केला, तेव्हा जाते ओसरीवर आले. तासभर टकटक चालली, दगडाची पांढरी धूळ तिच्या पापण्यांवर बसली. मी पैसे पुढे केले. “पहिलं पीठ बोटले लागू दे, मंग लिसू,” ती म्हणाली. टाकी लावलेल्या जात्यातून पडलेले पहिले पीठ बोटांनी पाहूनच मजुरी घ्यायची, ही तिच्या धंद्याची रीत होती. पण ज्वारीचा डबा सकाळीच गिरणीत गेला होता आणि घरची बाई आणखी ज्वारी काढायला तयार नव्हती. “टाकीनी दगडनी कच पडस पीठमा. ते पीठ कोन खाई?” मी पुन्हा पैसे देऊ लागलो. “मी भीक मांगाले नही उनू, भाऊ.” ती बसून राहिली. दुपारी गिरणीतून डबा परत आला. तिने त्या गरम पिठात दोन बोटे घातली, चोळून पाहिली, “बारीक शे,” म्हणाली आणि छिन्नी-हातोडी फडक्यात गुंडाळून निघाली. माझा प्रबंध पुढे मंजूर झाला. काम गेलेल्यांच्या तक्त्यात टाकी लावणाऱ्यांची नोंद नाही. एकच व्यक्ती भेटली म्हणून मार्गदर्शकांनी ती नोंद काढायला सांगितली आणि मी काढली.