डाळीचं पाणी

आमच्या घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच. चार ओळी लिहिता येतात म्हणून वडिलांच्या आजारावर लिहावं, एवढा माझा अधिकार नाही. डॉक्टरांना कळतं ते मला कळत नाही, आणि आईने जे केलं ते मी केलेलं नाही. तरी लिहितो आहे, माफ करावं.

सारंगखेड्याजवळ आमचं गाव. आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, दोन्ही किडन्या गेल्या. सारखं मशीनवर नेणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून नाशिकच्या डॉक्टरांनी पोटात नळी बसवली. पिशवीतलं औषधी पाणी पोटात सोडायचं, काही तासांनी रक्तातली घाण घेऊन आलेलं ते पाणी बाहेर काढायचं. आई हे सगळं शिकली. कोपरापर्यंत हात धुऊन, पंखा बंद करून, मास्क लावून बसायची. नळीत तिने कधी जंतू जाऊ दिले नाहीत.

पुढे आईचीच किडनी आबांना द्यायचं ठरलं. तपासणीत ती जुळली. डॉक्टर म्हणाले, "आधी यांच्या अंगात ताकद येऊ द्या. त्या पाण्याबरोबर प्रथिनंही निघून जातात. अंडी, डाळ वाढवा." आबांच्या गळ्यात तुळशीची माळ. अंडी शक्यच नव्हती. राहिली डाळ.

मी लोणखेड्याला होस्टेलवर. फोनवर विचारायचो, "माय, डाळ देस ना?"

"रोज देस भाऊ, वाटीभर."

दिवाळीला घरी गेलो तर आबांचा चेहरा गोल, पाय भरलेले. शेजारचे काका ओट्यावरून ओरडले, "काय आबा, चांगला भरी गयात! वहिनी काय खावाडी ऱ्हायनी?"

आबा म्हणाले, "पोटमा पानी भरेल शे. मोटर लाव, तुन्ही केळीले पुरी जाई."

सगळे हसले, मीही हसलो. मग अंघोळीसाठी आबांनी सदरा काढला. दंडावरची कातडी लोंबत होती. चेहऱ्यावर होती ती नुसती सूज.

जेवताना समजलं. आईने शिजलेल्या तुरीवरचं पाणी गाळून आबांच्या वाटीत घातलं आणि खालची घट्ट डाळ माझ्या ताटात वाढली. आजाऱ्याला वरचं पाणी द्यायचं, कस त्यातच उतरतो, हे तिच्या माहेरापासूनचं. शिवाय नळी बसण्याआधी, किडनी नुकती बिघडली तेव्हा, डॉक्टरांनीच डाळ कमी करायला सांगितलं होतं. ती भीती तिच्या मनातून गेली नव्हती.

"माय, घट्ट डाळ देनी पडी."

"आजारी मानूसले कोनी घट्ट देस का? जड पडस."

तरी दुसऱ्या दिवसापासून ती घट्ट वाढू लागली. पण पोटात पाणी असताना भूक लागणार कुठून? आबा दोन घास खाऊन ताट सरकवायचे. "ठेव, मंग खासू." आई ताट झाकून त्यांच्याजवळ बसून राहायची.

सुट्टीनंतर ती दोघं तपासणीसाठी नाशिकला गेली. माझे पेपर चालू होते, आबांनी मला येऊ दिलं नाही. दिवसभर फोन लावला, कोणी उचलला नाही. संध्याकाळी आईचाच आला.

"भाऊ, ऑपरेशन नही करतस. चिरा दिधा तर जखम भराव नही म्हने, आंगमा काहीच नही." मग म्हणाली, "मन्ही किडनी चांगली शे म्हने. पन यास्ले झेपाव नही."