गळालेल्यांच्या मागावर

वाघमारे मॅडमना खुर्चीत बसलेलं मी फारसं पाहिलं नाही. आमच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांच्या नावाची खुर्ची होती, पण तिच्यावर कागदांचे गठ्ठे बसत. मॅडम उभ्या. डबासुद्धा खिडकीशी उभ्यानं खायच्या; एका हातात पोळीची गुंडाळी, दुसऱ्या हातात कॉम्प्युटरवरून छापलेलं लांबलचक भेंडोळं. माझी मुलाखतही त्यांनी जिना उतरता उतरता घेतली. नव्वदीचं दशक संपत आलं होतं आणि मी संख्याशास्त्रात नुकतीच एम.एस्सी. झाले होते.

"सरासरी म्हणजे काय?" त्यांनी विचारलं. मी व्याख्या म्हटली.

"ते पुस्तकात आहे. सरासरी काय लपवते ते सांग."

"नाही सांगता येत, मॅडम."

तळमजला आला. "सोमवारपासून ये," त्या म्हणाल्या. "येत नाही असं तोंडानं कबूल करणारी माणसं इथे कमी आहेत."

डॉक्टरांच्या संशोधनातली आकडेमोड हे आमचं काम. रुग्ण किती घ्यायचे, आलेला गुण खरा की योगायोग, हे आम्ही सांगायचं. पण डॉक्टर यायचे ते सगळं उरकल्यावर. "मॅडम, जरा निष्कर्ष काढून द्या, उद्या प्रबंध बांधायला टाकायचाय." मॅडम कागद उलटसुलट करून बघत. "आपण उत्तर घेऊन आलात, डॉक्टर. आता याला शोभेल असा प्रश्न मी कुठून आणू?"

त्या वाढल्या खडकीच्या क्वार्टर्समध्ये. वडील दारूगोळा कारखान्यात तपासणी विभागात होते. "बाबा म्हणायचे, पेटीतली चार काडतुसं काढून बघायची, पण वरवरची नाही, तळातली. वरची सगळ्यांनीच पुसून ठेवलेली असतात." एवढं बोलून मॅडम लगेच दुसऱ्या टेबलाकडे चालू लागत. बौद्ध वस्तीतली मुलगी इथवर कशी आली, याबद्दल काहींची कुजबुज चाले. ती कानावर आली की त्या म्हणत, "चालत आले. बस चुकली होती."

त्या वर्षी विभागानं मार्केट यार्डातल्या हमालांमधल्या क्षयाच्या उपचारांची पाहणी केली. जवळच्या दवाखान्यात ठरल्या दिवशी यायचं, समोर गोळ्या घ्यायच्या, अशी ती योजना. निकाल सुरेख आला. उपचार पुरे करणारे जवळजवळ सगळे बरे झाले होते. विभागप्रमुख सरांनी परिषदेसाठी निबंधही लिहून ठेवला. मॅडमनी मात्र बाजूला पडलेले रुग्णांचे फॉर्म उचलले. त्यांच्यावर एकच शेरा होता: संपर्क तुटला.

"तुटला? कोणी तोडला?" त्या म्हणाल्या. "मेधा, स्कूटर काढ."

भुसार बाजारात आम्ही गाळ्यागाळ्यांतून हिंडलो. एका मुकादमानं कागदावरचं नाव ऐकून मान हलवली. "त्यो व्हय? त्यो गेला गावाला. खोकून खोकून पोतं उचलंना, मग हितं ऱ्हाऊन काय करनार?" दुसरा हमाल पाठीवरचं ओझं न उतरवताच म्हणाला, "दवाखाना धाला उघडतो, ताई. धालाच गाड्या खाली व्हत्यात. कामाचा दिस बुडवून गोळी कोन गिळंल?"

जे गावी गेले त्यांना मॅडमनी पोस्टकार्डं टाकली. तीन उत्तरं आली. तिन्ही घरच्यांनी लिहिलेली. रुग्णाचं एकही नाही.

मॅडमनी ती कार्डं सरांच्या टेबलावर ठेवली.

"मॅडम, ज्यांनी औषध अर्धवट सोडलं त्यांना गुण कसा येणार? त्यांना का मोजायचं?" सर म्हणाले.

"औषध चांगलं आहे का, असं आपण विचारलंच नव्हतं, सर. ही योजना चालते का, असं विचारलं होतं. सोडून गेलेला प्रत्येक माणूस हेच त्याचं उत्तर आहे."

"परिषद पुढच्या आठवड्यात आहे."

"मग माझं नाव काढा."

सर माझ्याकडे वळले. "आणि तुमचं?"

कोथरूडच्या घरी तेव्हा एकच विषय होता: माझ्या वर्गातल्या कोणकोणत्या मुली कंपन्यांत लागल्या. मी एका कंपनीत अर्ज केला होता. छापलेला निबंध असता तर बरं, असं तिथं सांगितलं होतं.

"माझं राहू दे, सर," मी म्हणाले.

काही महिन्यांनी निबंध छापून आला, तेव्हा मॅडमनी अंक हातात घेऊन पाहिला. "छपाई सुबक आहे," त्या म्हणाल्या. त्यापेक्षा त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

मॅडमच्या वाट्याचं प्राध्यापकपद दुसऱ्या कोणाला मिळालं. त्या दर आठवड्याला दवाखान्यात जाऊन तिथल्या डॉक्टरांचं डोकं खात राहिल्या. अखेर गाड्या खाली झाल्यावर, दुपारी तीनला, गोळ्या मिळू लागल्या. याबद्दल कुठे काही छापून आलं नाही.

मी कंपनीत गेले. काचेची इमारत, गार हवा, परदेशी औषधांच्या चाचण्यांचे आकडे. "ब्लँक्स इग्नोअर कर, डेडलाइन आहे," वरिष्ठ म्हणत. मी करत होते. पण चाचणी अर्ध्यात सोडून गेलेल्यांच्या त्या रिकाम्या चौकटी बघवायच्या नाहीत. उगाचच उठून पाणी प्यायला जायचे. कंपन्या बदलल्या, तरी ते गेलं नाही.

मॅडम निवृत्त झाल्यावर बऱ्याच वर्षांनी मी खडकीला त्यांच्या घरी गेले. ती आमची शेवटची भेट ठरली. पुढच्याच महिन्यात त्या हृदयविकारानं गेल्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली कागद. गावोगावच्या आरोग्यसेविकांसाठी त्या आकडेवारीचं छोटं मराठी पुस्तक लिहीत होत्या. चार पावलं चालल्या की दम लागत होता, तरी चालत होत्या.

"मॅडम, तेव्हा मीही नाव काढायला हवं होतं."

"हो," त्या म्हणाल्या. "काढायला हवं होतं."

जाऊ दे, असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी हस्तलिखित माझ्यापुढे ठेवलं. "वाच. चुकलं असेल ते सांग."

मी वाचत गेले. गरोदर बायकांच्या नोंदींच्या उदाहरणापाशी थांबले. पुन्हा वाचलं.

"मॅडम, बाळंतपणाला माहेरी गेलेल्या बायका यात गाळल्यात तुम्ही."

"त्या माहेरच्या गावात मोजल्या जातील."

"जातीलच कशावरून?"

त्या चिडल्या. कागद हिसकावून घेतला, आम्ही अर्धा तास भांडलो, चहा गार झाला. शेवटी त्यांनी त्या अख्ख्या पानावर आडवी रेघ मारली आणि दम खात माझ्याकडे पाहिलं. त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

"हं," त्या म्हणाल्या. "पुढचं पान."