पूजेत मांडलेला डबा

आमच्या जीपला बाबांशिवाय घरात कोणी गाडी म्हणत नव्हतं. आई म्हणायची, "अंगणातलं भंगार." आणि या दसऱ्याला ते खरंच व्हायची वेळ आली. इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देणारा ट्रान्सफर केस, बाबांच्या भाषेत छोटा डबा, आतून करकरायला लागला होता. दादानं साफ सांगितलं, "नवमीपर्यंत चालू झाली तं ठीक. नाई तं भंगारवाल्याले बोलावलंच हाय मी." मला दादाचा असा राग आला, काय सांगू! सणाला माहेरी आलेली मी, नवी साडी ठेवली बॅगेत, दादाचीच जुनी पॅन्ट चढवली आणि जीपखाली शिरले.

डब्यातलं तेल काढलं, दोन्ही शाफ्ट सोडले. वरून बाबा दोरानं डबा तोलून धरत होते, खालून मी बोल्ट काढत होते. शेवटचा बोल्ट काही केल्या हलेना.

"डिझेल सोड त्याच्यावर," बाबा म्हणाले, "अन् शिव्या देऊ नको."

मी डिझेलही सोडलं, शिव्याही दिल्या. बोल्ट सुटला, डबा मागं सरकला, हळूहळू खाली आला आणि पोत्यावर बसला. जाता जाता उरलंसुरलं तेल माझ्या तोंडावर! बाबा पोट धरून हसले. मग त्यांनी आतला दांडा हातानं फिरवून पाहिला. बेअरिंग गेलं होतं. चिखलीचं सुट्या भागांचं दुकान आता दसरा झाल्यावरच उघडणार. बाबांचं हसू गेलं, ते पाहून मला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सकाळी पाहते तर काय, आईनं विळे, कुऱ्हाड, आमचे सगळे पाने पूजेला मांडलेले, आणि मधोमध तो डबा! घासूनपुसून, हळदकुंकू लावून, वर झेंडूची माळ. तिनं एकटीनं पोत्यासकट ओढत आणला होता.

दुपारी भंगारवाला आला. "डबा बी लागंन," तो म्हणाला. "गाडी पुरी पाह्यजे."

"पूजेतलं लोखंड दसरा झाल्याबिगर उचलत नसतात," आई दार अडवून उभी. "तुमी नाई पूजला का तुमचा काटा?"

"पूजला न, बाई," तो ओशाळला. चहा पिऊन गेला. दादा पुटपुटत राहिला, पण पूजेला हात लावायची त्याची छाती नव्हती.

दसरा झाला, बेअरिंग आलं, बाबांनी आणि मी डबा बसवला. जीप नाल्याचा चढ न करकरता चढली. आई पुढच्या सीटवर, दादा मागच्या सीटवर.

"तू तं हिले भंगार म्हनत होती," बाबा तिला म्हणाले.

आईनं पदर खोचला. "मी म्हनीन. दुसऱ्यानं काऊन म्हनावं?"