कौलांचं की स्लॅबचं?

बाबांनी उपग्रहाचं इंटरनेट घ्यायचं म्हटलं तेव्हा मी आधी हसले आणि मग चिडले. मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये दोन कंपन्यांच्या फायबरच्या वायरी दारापर्यंत आलेल्या आहेत. आईबाबांचं जुनं कनेक्शन सारखं बंद पडायचं, म्हणून नवं घ्यायचं होतं, एवढीच काय ती गोष्ट. मी अंधेरीला राहते, ऑफिसात अकाउंट्स बघते. पण माहेरचा राउटर एकदा बंद करून पुन्हा चालू केल्यापासून घरात मला या विषयातली तज्ज्ञ समजतात. त्या अधिकाराने मी सांगून टाकलं, वायर घ्या, स्वस्त पडते, दणकट असते, उगाच आकाशात बघू नका.

तरी दर रविवारी मी गेले की बाबा चहाचा कप खाली ठेवायचे आणि पुन्हा सुरू व्हायचे. "ता डिशवाला नेट पावसात बंद पडता काय गो? लाइट गेली तर इन्व्हर्टरवर चलात?" बाबा मालवणकडचे. मुलुंडच्या कारखान्यात उभी हयात गेली, पण बोलणं काही बदललं नाही. आणि प्रश्न एकदा डोक्यात शिरला की तो सोडत नाहीत, हेही बदललेलं नाही.

शेवटी एका रविवारी मी हट्टालाच पेटले. त्या डिशला मोकळं आकाश लागतं. आमच्या गॅलरीतून पूर्वी डोंगर दिसायचा, आता समोर टॉवर उभा आहे आणि त्याच्या प्रत्येक बाल्कनीत कुणाचे ना कुणाचे टॉवेल वाळत असतात. मी फोनवर अ‍ॅप घेतलं. फोन वर धरला की आकाशात कुठे अडथळा आहे ते लाल रंगात दिसतं. मी गॅलरीत उभी राहून फोन फिरवला, सगळंच्या सगळं लाल.

"बघा बाबा, इथे मुंगीलासुद्धा रेंज मिळणार नाही."

बाबांनी बघितलंसुद्धा नाही. तेवढ्यात त्यांचाच फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन कायम स्पीकरवर.

"सर, तुम्ही डिशची चौकशी केली होती ना? बसवायची तर एक विचारायचं होतं. छप्पर कौलांचं आहे की स्लॅबचं?"

आईबाबांचं घर चौथ्या मजल्यावर. डोक्यावर आणखी तीन मजले आहेत. कौलं कुठून येणार? राँग नंबर, असं मी म्हणणार तोच बाबा शांतपणे म्हणाले, "घर कौलारू. पण न्हाणीर स्लॅब आसा, थंय सगळा मोकळा. चेडू इलाहा, तिका विचारून सांगतंय."

चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. मी तिथेच स्टुलावर बसले. फोन अजून हातात होता, त्यावर लाल आकाश.

"बाबा, हे कुठल्या घराचं चाललंय?"

"गावच्या."

"गावाला कोण राहतंय?"

"मी रवतलंय. गणपती झाले की जातंय."

गावचं आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पडवी. वर्षातून एकदा उघडतं. तिथे हा बहात्तरीचा माणूस, बीपीच्या गोळ्या खाणारा, एकटा राहणार? मी आईकडे वळले. ती स्वयंपाकघराच्या दारात मेथी निवडत बसली होती. वाटलं, आता ताट बाजूला सारून ती उठेल, आवाज चढवेल. तिने एक पिवळं पान काढून टाकलं आणि पुढची काडी घेतली. तिला सगळं ठाऊक होतं! हा धक्का पहिल्यापेक्षा मोठा होता.

"आई, तूपण जाणार आहेस?"

"मी कशाला? मला तिकडे करमत नाही."

"भांडलात का तुम्ही?"

आई हसायलाच लागली. "भांडायचं असतं तर इतकी वर्षं काय कमी होती? त्यांना जायचंय, मला नाही जायचं. झालं."

झालं काय? माझे आईबाप म्हातारपणी दोन घरं करणार आणि ती मेथी निवडता निवडता सांगते, झालं! मी तोंडाला येईल ते बोलत सुटले. डॉक्टर कुठेय तिथे, जेवणाचं काय, रात्री पडलेबिडले तर कळणार कोणाला. त्यातच माझ्या तोंडून निघून गेलं, "लोक काय म्हणतील?" हे वाक्य दुसऱ्या कुणी उच्चारलं तर मी त्याला सोलून काढते. स्वतःच्याच आवाजात ते ऐकून मी जीभ चावली.

तेवढ्यात आई म्हणाली, "माझी एकच अट आहे. रोज संध्याकाळी माणूस मला दिसला पाहिजे. नुसता आवाज नको. आवाजावर हे काहीही खपवतात, ताप असला तरी बरा आहे म्हणतात. तिकडे मोबाइलला धड रेंज नाही. तर ते डिशवालं चालतं की नाही, ते तू सांग. चालत नसेल तर जायचं नाही. तसं ठरलंय आमचं."

म्हणजे मी इतके रविवार तावातावाने जे बोलत होते, त्यावर हे अडकलं होतं आणि मला पत्ता नव्हता. बाबा कप हातात धरून माझ्याकडे बघत होते. त्यांना असं आशेने बघताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला त्यांची दया आली आणि भयंकर रागही आला.

"वायरच बरी," मी म्हणाले. "गावात रस्त्यापर्यंत फायबर आलंय म्हणतात. आपल्या वाडीत येईपर्यंत थांबा. डिशचं काही खरं नाही."

बाबांनी मान हलवली. वाद नाही, काही नाही. उठले आणि गॅलरीत जाऊन समोरच्या टॉवरकडे बघत बसले.

आईने मला आत बोलावलं. मेथी नळाखाली धरत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "खोटं बोललीस ना? लहानपणी पण खोटं बोलताना अशीच नाक ओढायचीस."

मी ओट्यावरची मेथीची देठं गोळा करायला लागले.

"मी घाटकोपरला चाळीत वाढलेली. लग्न झाल्यावर आठ दिवस गावाला होते, तर रडून रडून घर डोक्यावर घेतलं. ह्यांनी सांगितलं, आपण मुंबईलाच राहू. परत कधी विषय काढला नाही. रिटायर झाले तेव्हाही नाही. डोंगर दिसत होता तोवर तिकडे बघत बसायचे. आता त्या टॉवरकडे बघत बसतात, गं. मला नाही बघवत." नळ बंद करून ती वळली. "आता खरं सांग. चालतं की नाही?"

"चालतं. फार जोराचा पाऊस असला की मध्ये मध्ये अडकतं."

"अडकू दे," आई म्हणाली आणि मेथी चिरायला घेतली.

गणपती झाले आणि बाबा गेले. डिश न्हाणीच्या स्लॅबवर बसली, पोळपाटापेक्षा थोडी मोठी, पांढरी. मुलुंडला मी वायरचं कनेक्शन घेऊन दिलं. पहिल्या संध्याकाळी मी मुद्दाम थांबले. आईने फोन पिठाच्या डब्याला टेकवला आणि तवा ठेवला. पडद्यावर बाबा पडवीत बसलेले, मागे ओलं अंगण. मला वाटलं होतं दोघं खूप बोलतील. आईने "जेवलात?" विचारलं, बाबांनी "मगे" म्हटलं, आणि ती चपात्या लाटून तव्यावर टाकायला लागली. बाबा नुसते बघत बसले. इथे असताना तरी दुसरं काय करायचे!

मग तिकडे पावसाची सर आली असावी. चित्र थांबलं. बाबांचा हात कपाळाकडे जाता जाता मध्येच राहिला. आवाज नाही, हालचाल नाही. फोन कट करून परत लावावा म्हणून मी हात पुढे केला, तर आईने माझं मनगट धरलं.

"राहू दे. येतील."

लाटणं हातात तसंच धरून ती त्या थांबलेल्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मीही बघत राहिले. बऱ्याच वेळाने चित्र हललं, बाबांचा हात कपाळाला लागला, आणि पावसाच्या आवाजातून ते ओरडले, "गो, तवो बघ! धूर येता हा!"

आम्ही दोघी एकदम वळलो. तव्यावर चपाती काळी ठिक्कर पडली होती. आईच्या हातची करपलेली चपाती मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते.