सुक्कू कॉफी आणि माझं गप्प बसणं

जरा कान इकडे कर गं शलोमी. दर फोनवर 'बरी आहे मावशी' म्हणून ठेवून देतेस, ही काय रीत झाली? आज सुंठीची सुक्कू कॉफी उकळली आणि त्या वासाने मला तिरुवल्लिकेणीतल्या आमच्या चर्चमागच्या खोलीत नेऊन बसवलं.

समुपदेशनाला येणाऱ्या बायकांजवळ बसायचं काम चर्चच्या पाळकबाईंनी मला तेव्हा नवंच दिलं होतं. त्यांचा नियम एकच. "पहिल्या दिवशी फक्त ऐकायचं. सल्ला नाही, बायबलचं वचनसुद्धा नाही. जमेल ना तुम्हाला?" चर्चमधल्या बाकीच्या बायका हसल्या. माझं तोंड किती चालतं, ते त्यांना ठाऊक होतं ना!

समोर एस्तर बसली. तान्हं बाळ गेल्यापासून ती कुणाशी बोलत नव्हती. 'देवाची इच्छा' असं सगळ्यांचं तिला सांगून झालं होतं. माझ्याही ओठांवर वचन आलं, ते मी हातातल्या सुक्कू कॉफीच्या घोटाबरोबर गिळलं. उरलेली कॉफी थंड झाली. मग ती हळूच तमिळमधून म्हणाली, "अक्का, त्याचं नाव सॅम्युएल ठेवणार होतो." आणि रडली, पोटभर.

घरी जाताना वाटलं, आपण काहीच केलं नाही. आज मात्र छाती फुगवून सांगते, माझ्या हातून झालेलं सगळ्यात मोठं काम तेच.

लवकर ये गं. कॉफी मी करीन, बोलायचं तू.